बस्त्यावमामांची बियांची भाजी

रामनगरच्या बाजारात बस्त्यावमामा भेंडी घेण्याआधी ती मोडून आत बिया आहेत का ते बघतात. वांगं असेल तर चिरायलाच लावतात.

"मामा, भाजी घेताय का पोरगी बघताय?" भाजीवाली वैतागते.

"देवानं पयल्या माणसाला बीवाली झाडं दिली खायाला. पुस्तकात हाय!"

पुस्तक म्हणजे बायबल. माझा हा शेजारी गेल्या फेस्तापर्यंत, म्हणजे चर्चच्या सणापर्यंत, डुकराच्या मटणासाठी डोंगर ओलांडून पाहुण्यांकडं जायचा आणि एके दिवशी एकदम शाकाहारी! गल्लीला वाटलं, मामांनी माळ घातली. मामांनी शर्टाच्या आतला क्रूस काढून दाखवला, तेव्हा कुठं चर्चा थांबली. बायबलातल्या दानिएलनं राजाच्या ताटातलं नाकारलं आणि भाजीपाल्यावर टवटवीत झाला, हे वाचल्यापासून मामा न्हाव्याच्या आरशात आपले गाल तपासतात. गाल होते तिथंच आहेत.

खरं तर त्याच सुमारास मारीमामींचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांची मांस-मासळी बंद केली. मामी भारी मानी. "माझ्यापायी सोडलं आसशील तर उद्याच तुला कोंबडी शिजवीन, आन् मी पेज घेऊन परसात बशीन," असं त्यांनी मामांना माझ्यादेखत बजावलं होतं.

"तुझा काय संबंध? पुस्तकात हाय!" मामा म्हणाले होते.

परवा दुपारी त्यांच्याकडं बसलो असताना माझी जीभ वळवळली. "मामा, प्रलयानंतर देवानं नोहाला मांस खायची परवानगी दिली म्हणे. तेही पुस्तकातच आहे."

मामींनी विळीवर चिरता चिरता हात थांबवला आणि नवऱ्याकडं बघितलं. मामांचा चेहरा पार उतरला.

"आगं, त्याचे भाजीचे वाफे पुरात व्हावून गेलते! आपले हायत की जाग्यावर!"

मामी खो खो हसल्या आणि भाजी फोडणीला टाकायला आत गेल्या. मामांनी मला दंडाला धरून अंगणात नेलं.

"मला ठावं न्हाई व्हय नोहाचं? आख्खं पुस्तक वाचलंय मी. पर लगीन झाल्यापास्नं आमी दोघं एका ताटात जेवतोय, बाबा. ती पेज घेऊन परसात बसली, तर माझ्या घशाखाली घास उतरंल व्हय?"



"ताट वाढलंय, ये!" आतून मामींची हाक आली.

"तिच्याम्होरं नोहाला परत काढू नगंस," असं मला दटावून मामा हात धुवायला गेले.