खांबेटे सर आणि बिनखांद्याचे ड्रॅगन

झिरकपूरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरीला भेटायला लोकांची रांग लागलेली असताना डॉ. खांबेटे स्टेजच्या मागे गेले आणि सजावटीतल्या परीची पाठ चाचपू लागले. परी थर्मोकोलची, आठ फूट उंच, दोन्ही बाजूंना चादरीएवढे पंख. सरांनी पंखांच्या मुळाशी बोटं फिरवली, चष्मा पुसला, पुन्हा बोटं फिरवली. मग रांग मोडून थेट नवरदेवापाशी आले, त्याचा हात हातात घेतला आणि कुणाच्या आजाराची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "बेटा, आपकी परी उड़ नहीं सकती. इसका कंधा ही नहीं है."

नवरदेव सरांचाच विद्यार्थी होता. त्याने नवरीच्या कानात सांगितलं, "ये वही सर हैं." नवरी लगेच पाया पडली.

सर मूळचे मिरजेचे. आता इकडे उत्तरेत एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवतात. फळ्यावर दोन्ही हातांनी एकाच वेळी चित्र काढतात, उजव्या हाताने लाल धमनी, डाव्या हाताने निळी शीर. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. बायको पुण्याला मुलाकडे असते, सर सेक्टर पंधरातल्या एका कोठीच्या, म्हणजे इकडच्या बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर एकटे. हॉलमध्ये एक प्लॅस्टिकचा सांगाडा आहे. त्याच्या डाव्या हातावर सरांचे रुमाल वाळत असतात.

आणि दर रविवारी दुपारी तीन वाजता त्या हॉलमध्ये ड्रॅगन येतात.

खेळ असा. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. दार फोडायला गेलं तर ते फुटलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं आणि त्यात राक्षसांची चित्रं. आमच्याकडे गोष्ट सांगतात ते सर. मोहालीत सॉफ्टवेअरची नोकरी करणारा आणि खरड गावात फ्लॅटमध्ये राहणारा नाशिकचा सिद्धेश हा योद्धा. वास्तुकलेची विद्यार्थिनी गुरलीन ही जादूगार. आणि बावन्न वर्षांची, विद्यापीठात भूगोल शिकवणारी मी, चोर. मला सरांनी का ओढलं तेही सांगते. एकदा माझ्या विभागात आले, खेळाचा नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाले, "बाई, ही नदी डोंगर चढत्येय. काहीतरी करा." मी नदी उतरवली आणि कायमची अडकले.

सरांचं पुस्तक म्हणजे मूळ पुस्तकाची झेरॉक्स, मिरजेच्या हॉस्टेलच्या दिवसांतली, जाड दोऱ्याने शिवलेली. सर तिला पोथी म्हणतात. त्यातली चित्रं काळ्या शाईची, रेघारेघांची. सगळ्यांत लाडकं एक्केचाळिसाव्या पानावरचं. गुहेतून अर्धा बाहेर आलेला ड्रॅगन, पंख उचललेला, आणि त्या पंखाखाली खराखुरा खांदा. स्नायू, कंडरा, हाडाची गोटी, सगळं जिथल्या तिथे. जगभरच्या खेळाडूंचा इंटरनेटवर एक वादाचा कट्टा आहे. जुनी चित्रं चांगली की नवी, यावर तिथे रोज हाणामारी चालते. सर तिथे गेली चार वर्षं नेमाने जातात, प्रत्येक भांडणात हे एक्केचाळिसावं पान फेकतात आणि खाली इंग्रजीत लिहितात, 'खांदा दाखवा, मग बोला.'

तर त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि सिद्धेश ती घेऊन आला.

गुळगुळीत कागद, पानापानावर रंग. ड्रॅगनच्या खवल्याखवल्यावर चार बाजूंनी उजेड. योद्ध्यांचे केस नुकतेच धुतलेले. सरांनी चार पानं उलटली आणि पुस्तक मिटलं. "ही लग्नपत्रिका आहे," ते म्हणाले. "पोथी नव्हे."

सिद्धेश म्हणाला, नव्या माणसाला चित्र बघून राक्षस कळायला हवा की नको? सर म्हणाले, चित्रातच सगळं दिसलं तर मी तोंडाने काय सांगायचं, हवामान? मग गुरलीनने पोथी उघडली आणि एका पानावर बोट ठेवलं. त्या पानावरची योद्धी बर्फात लढत होती आणि तिचं चिलखत एका हातरुमालात मावलं असतं.

"सर जी," गुरलीन म्हणाली, "कंधा तो है, पर कपड़े कहाँ हैं?"

सरांनी पोथी ओढून घेतली आणि मिटली. त्या संध्याकाळी आमच्या टोळीला गुहेत पाठवून त्यांनी आम्हा तिघांनाही वटवाघळांकडून चाववलं. मी तर बिचारी काही बोललेही नव्हते.

खरी आग लागली पुढच्या रविवारी. सिद्धेश नवं पुस्तक टेबलावर ठेवून आत चहा टाकायला गेला. मी आणि गुरलीन नकाशात. सर शांत बसले होते. इतके शांत की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. सिद्धेश ट्रे घेऊन आला आणि दारातच थबकला. सरांच्या हातात लाल पेन होतं. नव्याकोऱ्या पुस्तकातल्या सात राक्षसांना त्यांनी दहापैकी गुण दिले होते. 'चार. खांदा नाही.' 'तीन. गुडघा उलटा.' 'शून्य. पुन्हा काढून आणणे.'

सरांचा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसासमोर चुकीच्या हाडांची चित्रं आणि हाताशी लाल पेन असं ठेवून आपण चहाला जाऊ नये.

सिद्धेशने ट्रे खाली ठेवला. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. "सर, मी आठवडाभर हे पुस्तक प्लॅस्टिकमधूनसुद्धा काढलं नव्हतं. इथे येऊन सगळ्यांबरोबर उघडायचं म्हणून."

सरांनी पेनाला टोपण लावलं. माफी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, "पण गुडघा उलटाच आहे रे."

मग सिद्धेशने सांगून टाकलं. पुढच्या रविवारी मत घ्यायचं. नवी आवृत्ती, नाहीतर तो येणार नाही. सर म्हणाले, नवी आवृत्ती आली तर गोष्ट दुसऱ्या कुणीतरी सांगावी. गुरलीन सिद्धेशच्या बाजूची. म्हणजे मी सरांकडे गेले तर बरोबरी आणि खेळ बंद, तिकडे गेले तर सर बंद. मला एरवी नाटक फार आवडतं, पण प्रेक्षागृहात बसून.

तो आठवडा काय वर्णावा. सिद्धेशचे तीन फोन. सर एकदा विभागात आले, सतलजच्या गाळावर वीस मिनिटं बोलले, खेळाचं अक्षर काढलं नाही आणि जाताना माझ्या टेबलावर मिरजेहून आलेल्या भडंगाचा पुडा विसरले. सर कधी काही विसरत नाहीत. त्या भडंगाकडे बघत मी बसले आणि मला पहिल्यांदा जाणवलं की रविवार गेला तर या माणसाच्या घरात तीन वाजता कोणीही येणार नाही.

रविवार उजाडला. तीनला पाच मिनिटं असताना आम्ही चौघंही टेबलाशी. चहा कुणी मागितला नाही. सरांनी पोथी पुढ्यात घेतली होती, दोन्ही हात तिच्यावर. सिद्धेशने कागदाच्या चार चिठ्ठ्या केल्या. तेवढ्यात गुरलीन म्हणाली, आधी एक गोष्ट दाखवायची आहे. तिने टॅबलेट टेबलाच्या मधोमध ठेवला.

"सर जी, ये असली वाला पन्ना है."

परदेशातल्या कुणा संग्राहकाने पहिल्या छापील आवृत्तीची पानं इंटरनेटवर टाकली होती. एक्केचाळिसावं पान. तीच गुहा, तोच ड्रॅगन. पंख मात्र पाठीला पाकिटाच्या झडपेसारखे चिकटवलेले. खांदा नाही. स्नायू नाही. काही नाही.

"चार साल से आप दुनिया को इस कंधे पे डाँट रहे हो," गुरलीन म्हणाली, "और वो किताब में है ही नहीं." दोन्ही पानं शेजारी शेजारी लावून कट्ट्यावर टाकायचा मजकूरही तिने तयार ठेवला होता. फक्त बटण दाबायचं बाकी.

मी सिद्धेशकडे पाहिलं. त्याने चिठ्ठ्या मुठीत धरल्या होत्या. त्याला जिंकायचं होतं, पण असं नव्हे, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. आता सर उठणार, पोथी उचलणार आणि आतलं दार लावून घेणार, याची मला खात्री होती.

सर उठले नाहीत. एक्सरे बघावा तसं ते चित्र बघत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत आहे. मुझे मालूम है, गुरलीन."

पुढचं त्यांनी थोडं मराठीत, थोडं हिंदीत सांगितलं, आणि कुणाच्याच तोंडाकडे न बघता. हॉस्टेलच्या खोलीत त्यांच्याबरोबर दिलीप नावाचा मुलगा होता. ही झेरॉक्स त्याची. पहिल्या वर्षी सरांना शरीररचना काही केल्या कळेना. पाठ केलेला सांधा दुसऱ्या दिवशी विसरायचे. तेव्हा दिलीपने या ड्रॅगनला शाईने खांदा काढून दिला. हाड इथे बसतं, स्नायू असा ओढतो, म्हणून पंख वर जातो. पोथीतल्या प्रत्येक राक्षसात त्याने असा एकेक सांधा भरला. सर पास झाले. दिलीप दोनदा नापास झाला. तोंडी परीक्षेत त्याला बोलताच यायचं नाही.

"दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी मी त्याला म्हणालो, चित्रं काढून कुणी डॉक्टर होत नाही," सर म्हणाले. "सकाळी उठलो तर त्याची कॉट रिकामी. पोथी माझ्या उशाशी. आणि मी मग तीस वर्षं फळ्यावर चित्रं काढूनच शिकवलं."

मी विचारलं, "मग सर, जगाशी भांडताय कशाला?"

"कुठे शोधू, बाई? डॉक्टरांच्या यादीत तो नसणारच. गावी कुणी उरलं नाही. पण हा खेळ त्याने सोडला नसेल. आणि चित्रांवरून भांडण चाललेलं दिसलं, तर तो न बघता पुढे जाणार नाही. म्हणून प्रत्येक भांडणात मी हे पान ठेवतो. स्वतःची रेघ माणूस ओळखतो."

गुरलीनने डोळे पुसले नाहीत, पण नाक ओढलं. "तो सर जी, नाम क्यों नहीं लिखा? सीधा नाम लिख देते."

सरांनी पोथीवरचा हात काढला, पुन्हा ठेवला.

"नाम लिखा," ते म्हणाले, "और फिर भी जवाब नहीं आया, तो?"

गुरलीनने आपला मजकूर पुसून टाकला, पहिल्या अक्षरापासून. दोन्ही पानं तशीच शेजारी शेजारी ठेवली. मग बोटं अक्षरांवर धरून ती थांबून राहिली. खाली रस्त्यावरून भाजीची हातगाडी ओरडत गेली, तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. मग सर एकेक शब्द सांगू लागले. डावीकडचं पान छापील. उजवीकडचा खांदा माझ्या मित्राने काढला. मी त्याच्याशी चुकीचं बोललो होतो. त्यानंतर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गुणपत्रिकेवर असतं तसं. हॉस्टेल, खोलीचा नंबर.

बटण सरांनी स्वतः दाबलं. चिठ्ठ्या सिद्धेशच्या मुठीत चुरगळून गेल्या होत्या. त्या त्याने खिशात टाकल्या.

"सिद्धेश, तुझं पुस्तक काढ," सर म्हणाले. "आपण गुहेच्या तोंडाशी होतो. आत काय दिसतं ते आज तू वाच."

सिद्धेशने वाचायला सुरुवात केली. मी फासे गोळा केले. गुरलीनने टॅबलेट उचलला, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि त्याचा पडदा सरांच्या बाजूला वळवून ठेवला.