मनवारीचं रिकामं पाकीट

कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुके पालथे घाला! पळसदरीपासून कुंभिवलीपर्यंत घरोघर विचारा! लढाऊ बोटीच्या टपालाचा शिक्का संग्रहात सापडेल तो एकाच घरी. पोशीरच्या शाळेचे हेडमास्तर सहदेव यांच्या घरी. म्हणजे माझ्या! (शाळेत मास्तर एकच आहे, पण ते असो.)

मला टपालाचे शिक्के जमवायचा नाद. लोकांनी पत्र वाचलं की पाकीट माझं. बायको, जयवंता, म्हणायची, "आवो, पत्रं लोकांची न् पाकिटं तुमची, ह्यो कसला संसार?"

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात नेरळ स्टेशनावर माथेरानच्या गाडीची वाट बघणारे एक पारशी गृहस्थ भेटले. तेही शिक्केवाले! त्यांनी कानमंत्रच दिला. मनवारीवर, म्हणजे तोफांच्या लढाऊ बोटीवर, टपाल तिचं स्वतःचं आणि शिक्काही स्वतःचा. आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट कप्तानाला धाडायचं आणि शिक्का मारून परत पाठवा म्हणून विनंती करायची. आत काही नको. पाकीट रिकामंच हवं.

तीन दिवस डिक्शनरीशी कुस्ती खेळून मी इंग्रजीत विनंती लिहिली आणि मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या एका मनवारीच्या कप्तानाला धाडून दिली. इथवर सगळं ठीक होतं. पण गप्प बसेल तर तो मास्तर कसला!

"मनवारीच्या कप्तानाचा लखोटा यायचाय मला," पाटलांच्या ओट्यावर मी सहज म्हटलं.

येसाजी पाटलांचा अडकित्ता सुपारीवरच थांबला. "कप्तानाचा? तुमची वळख हाय?"

"आमचा पत्रव्यवहार आहे!" मी म्हणालो. एकच पत्र गेलं होतं, पण गेलं होतं ना!

संध्याकाळपर्यंत कप्तान माझा दोस्त झाला. दुसऱ्या दिवशी तो आमची शाळा बघायला येणार असल्याचं मलाच कळलं. तिसऱ्या दिवशी नागू न्हाव्याने माझी दाढी करता करता बातमी दिली की, कप्तानाने अख्ख्या पोशीरला तोफा बघायला बोटीवर बोलावलंय! मी 'नाही' म्हणालो नाही. 'हो'ही म्हणालो नाही. नुसता हसलो. सगळा घात त्या हसण्याने केला!

चौथ्या दिवशी गोदाकाकू दारात उभी. बिचारी विधवा. तिचा एकुलता एक मुलगा पदू मनवारीवर कोळसा ओढायला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. एका ओळीची खबर नव्हती.

"मास्तरा, कप्तानाला माज्या पदूचं इचारलंस का रं?"

मागे सात-आठ माणसं कान टवकारून उभी. त्यांच्यादेखत कसं सांगू, की मी फक्त शिक्का मागितलाय? मान हलली. माझीच. आणि हलली ती होकाराची!

पंधरा दिवसांनी मालोजी टपालवाला शाळेच्या आवारातूनच ओरडला, "मास्तर, आली तुमची मनवार!"

काय तो शिक्का! तव्यावरून आत्ताच उतरलेल्या भाकरीसारखा गोल! मधे तारीख, कडेने बोटीचं नाव. माझ्या सदऱ्याची बटणं तुटायच्या बेताला आली. तेवढ्यात अर्धं गाव गोळा झालं. पाटलांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, कड फोडली, आत फुंकर मारली, उलटं धरून झटकलं. काही पडलं नाही.

"रिकामं!"

पाटलांनी थेट मालोजीची मानगूट धरली. "मधलं पत्र कुठं हाय रं?"

"देवाशपथ पाटील, आसंच बंद आनलंय मी!"

बावीस वर्षं ओढे-नाले तुडवून टपाल आणणारा माणूस. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि इकडे गोदाकाकू मटकन खाली बसली.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "कप्तानानं लिवलंच नाय. काय लिवनार? माजा पदू गेला... आईला त्ये कसं कळवायचं!"

एकीकडे माझी इभ्रत, दुसरीकडे ही दोन माणसं. मी डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "पाटील, मालोजीला सोडा! रिकामंच मागितलं होतं मी."

"रिकामं? कशापायी?"

"शिक्क्यासाठी."

पाटलांनी मालोजीची मानगूट सोडली.

"म्हंजी," पाटील सावकाश म्हणाले, "जेवनाच्या पंगतीला गेलात न् नुसती पत्रावळ मागून आलात?"

गाव असं हसलं की शाळेच्या छपरावरची कबुतरं उडाली! गोदाकाकू मात्र हसली नाही. "म्हंजी माज्या पदूचं..."

"नाही विचारलं, काकू. चुकलो. आत्ता विचारतो."

तिथेच शाळेच्या पायरीवर बसून लिहिलं. ह्या वेळी डिक्शनरी आठवलीसुद्धा नाही!

दीड महिन्याने लखोटा आला. चांगला जाड! थेट एडनहून! कप्तानाने चौकशी करून आमचं पत्र पदूच्या बोटीवर पाठवलं होतं. पदू खुशाल होता. लिहिता येत नाही, आणि साहेबाला लिहून द्या म्हणायची लाज, म्हणून गडी दोन वर्षं गप्प! आता साहेबानेच चार ओळी लिहून खाली त्याचा अंगठा उठवला होता. गोदाकाकूने कागद उजेडात धरला.

"ह्यो त्योच! भात कापताना इळा लागला व्हता, ही बगा चीर!"

पाटलांनी मला सगळ्यांसमोर नारळ दिला. मालोजीने मिठी मारली. त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली ती आजतागायत ताठ आहे!

फक्त एक झालं. त्या लखोट्यावरचा शिक्का! अक्षर न् अक्षर कोरल्यासारखं! असा शिक्का अख्ख्या मुंबई इलाख्यात कुणाकडे नसेल.

"काकू, पत्र तुमचं," मी हळूच म्हटलं. "पाकीट तेवढं मला..."

"पाकीट? त्यातनंच माजा पदू आला, त्ये कसं दिऊ?"

तिने पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं. वर हळद-कुंकू वाहिलं. नशीब, शिक्का बोटभर अंतराने वाचला!

तेव्हापासून दर सोमवारी मी तिच्या देव्हाऱ्यापुढे जाऊन बसतो आणि वाकून वाकून बघतो. गोदाकाकू गावभर सांगते, "मास्तर लई भाविक मानूस!" जयवंताला तेवढं खरं ठाऊक आहे. मी निघालो की ती दारातून म्हणते, "आवो, आज नमस्कार तरी करा, लोक बगत्यात!"