दिल्लीत घरे शिल्लक आहेत

दिल्ली शहराला आज किती घरे हवीत आणि पंचवीस वर्षांनी किती लागतील, हे नव्वद दिवसांत ठरवून कळवावे, असा आदेश १९९५ च्या सप्टेंबरात आमच्या कक्षाला आला. जानेवारीत परदेशी गुंतवणूकदारांचे शिष्टमंडळ यायचे होते आणि त्यांच्या हातात चहाबरोबर हा आकडा ठेवायचा होता. आमच्या कक्षाचे नाव गृहगरज निर्धारण कक्ष. त्याला स्वतःची जागा नव्हती. आम्ही दुसऱ्या एका खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, त्यांच्या मेहेरबानीवर बसत होतो.

कक्षाचे प्रमुख बळवंतराव. सरळ माणूस, ऑफिसची टाचणीसुद्धा घरी न नेणारा. एकतीस मार्चला ते निवृत्त व्हायचे होते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांनी सव्वीस वर्षे काढली होती. निवृत्तीनंतर चार महिने क्वार्टर ठेवता येते, तेवढ्यात नोएडातला सरकारी योजनेचा फ्लॅट मिळेल, असा त्यांचा बेत होता. फ्लॅटसाठी नाव नोंदवून चौदा वर्षे झाली होती. 'म्हणजे आता मिळायलाच हवा,' असे ते म्हणत. मी, सुधाकर, त्यांचा हाताखालचा अधिकारी. मी 'बिल्कुल' म्हणत असे.

पाहणी सरोजिनी नगरापासूनच सुरू झाली. आता सरकारी क्वार्टरची खोली भाड्याने द्यायला सक्त मनाई आहे, म्हणून सगळेच देतात. आमचा माणूस लाल रजिस्टर घेऊन दारात उभा राहिला, की लोकांना वाटे, तपासणी आली. मग घरोघरी पाठ असलेले उत्तर येई, "ये तो हमारे मेहमान हैं, गाँव से आये हैं." एका दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये अकरा माणसे सापडली. चार घरची, सात पाहुणे. त्यातला एक पाहुणा नऊ वर्षांपूर्वी आला होता आणि त्याची दोन्ही पाहुणी मुले कोपऱ्यावरच्या शाळेत जात होती. रजिस्टरात नोंद झाली: पाहुणे, सात.

खुद्द बळवंतरावांच्या बाहेरच्या खोलीत रंगनाथन नावाचा मदुराईचा क्लार्क सहा वर्षे भाड्याने राहत होता. हेमलतावहिनींनी रजिस्टर पाहताच सांगितले, "हा आमचा भाचा." भाच्याने मान डोलावली. त्याला मराठीतला एकही शब्द येत नव्हता.

"बळवंतराव, निदान रंगनाथनचं तरी खरं लिहू या," मी म्हणालो.

"सुधाकरराव, माहिती देणाऱ्यावर अविश्वास दाखवण्याची तरतूद फॉर्ममध्ये नाही," ते म्हणाले. त्यांना स्वतःच्याही घराला सूट द्यायची नव्हती.

सगळ्या शहराची बेरीज झाली तेव्हा दर तिसरा दिल्लीकर पाहुणा निघाला. पाहुणा कधी ना कधी परत जातो, त्याला घर लागत नाही, सबब तो वजा झाला. तरी चार लाख घरे कमीच पडत होती. डायरेक्टर बत्रासाहेबांनी आकडा पाहून चष्मा काढला.

"बलवंतजी, इतना बड़ा फिगर? मार्केट खुल गया है, दुनिया देख रही है, और हम कहें कि छत नहीं है?"

बळवंतराव पुन्हा कामाला लागले. प्रतीक्षायादीत नाव असलेल्यांना त्यांनी वजा केले. या लोकांना घर मंजूर आहे, ते फक्त मिळालेले नाही. मग भविष्यकाळ आला. पुढे जन्मणारी माणसे लहान असणार, ती आईजवळ झोपतील.

"पण ती मोठी होतील ना?" मी विचारले.

"तो त्यापुढच्या पंचवीस वर्षांचा प्रश्न. आपल्याला याच पंचवीस वर्षांचं विचारलंय."

शेवटी दिल्लीच्या वेशीपलीकडे नोएडात आणि गुडगावात धडाधड उभ्या राहिलेल्या खाजगी इमारतींची पाहणी झाली. तिथे दारोदार कुलपे होती. कुलपाआड कोणी राहत नाही, म्हणजे घर उपलब्ध. ही सगळी कुलपे मिळवली आणि दिल्लीत बासष्ट हजार घरे शिल्लक निघाली! शिष्टमंडळाने टाळ्या वाजवल्या. बत्रासाहेब या विषयावर व्याख्यान द्यायला सिंगापूरला गेले. बळवंतरावांना शाल मिळाली.

पण सरकारी कागदावर कुठलीही वस्तू शिल्लक निघाली, की तिची विल्हेवाट लावावी लागते. फेब्रुवारीत परिपत्रक निघाले. शहरात मुबलक घरे असल्याने निवृत्तांना क्वार्टर चार महिने ठेवू देण्याचे प्रयोजन उरलेले नाही. निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत चावी जमा करावी.

बळवंतरावांनी सवलतीसाठी अर्ज केला. अशा अर्जावर आमच्या कक्षाचा अभिप्राय लागतो. त्यामुळे अठ्ठावीस मार्चला त्यांचा अर्ज सहा टेबले फिरून त्यांच्याच टेबलावर आला. तो त्यांनी परक्याचा असावा तसा वाचला.

"अर्जदाराचं नाव प्रतीक्षायादीत आहे?"

"आहे. बळवंतराव, अर्जदार तुम्ही आहात."

"म्हणून तर जास्त काटेकोर राहायला हवं. नाहीतर उद्या लोक म्हणतील, जाता जाता हात मारला."

त्यांनी लिहिले: 'अर्जदारास घराची गरज नाही. नामंजुरीची शिफारस.' खाली सही केली. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांच्या पाया पडावेसेही वाटले. दोन्हीपैकी काही न करता मी फाइल पुढे पाठवली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर बांधाबांध चालली होती. "बाबा, तुम्ही पण ना यार! स्वतःच्याच फाइलवर नो लिहिलंत?" मुलगी देवयानी ओरडत होती. वहिनी काचेच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. रंगनाथन कोपऱ्यात आपली ट्रंक बांधत होता.

"अख्ख्या दिल्लीचं मोजलं ह्यांनी," वहिनी मला म्हणाल्या. "आम्ही तिघं कुठल्या रकान्यात बसायचं ते तेवढं सांगा."

मी पुढच्या बरणीसाठी वर्तमानपत्राचे पान फाडून दिले.

तीस तारखेला सकाळी बळवंतराव आणि वहिनी माझ्याकडे आले. नोएडात माझा एक फ्लॅट आहे. दोन खोल्या, हवेशीर, समोर बाग. घेतल्यापासून दोन वर्षे कुलूप आहे. अहवालातल्या बासष्ट हजारांत तोही धरलेला आहे, पान एकशे बारा.

"सहा महिन्यांपुरता," बळवंतराव खाली बघत म्हणाले. त्यांना मागायची सवय नव्हती. "भाडं तुम्ही म्हणाल ते."

माझ्या मनात त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. पण फ्लॅटमध्ये माणूस राहिला, की तो वापरलेला होतो आणि वापरलेल्याला भाव येत नाही. शिवाय परक्याला 'निघा' म्हणता येते. आपल्या माणसाला कोणत्या तोंडाने म्हणणार?

"द्यायला काय हरकत होती हो, पण रंगकाम काढलंय," मी म्हणालो.

वहिनींनी चहाचा कप न उष्टावता खाली ठेवला. "चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सध्या त्यांचे सामान एका ओळखीच्यांच्या गॅरेजमध्ये आहे आणि तिघे तीन ठिकाणी झोपतात. हे वाचून तुम्हाला माझी चीड आली असेल, तर ते तुमच्या मनाच्या चांगुलपणाचे लक्षण आहे. तेव्हा एक विचारतो. माणसे सज्जन आहेत, तिघेच आहेत, भाडे वेळेवर देतील. तुमचा तो दुसरा फ्लॅट रिकामाच आहे ना? त्यांना तुमचा पत्ता देऊ?

रंगकाम काढलंय? असू दे, असू दे. मी समजू शकतो.