आप्पांचं एक्स्चेंज

परदेशात आपला फोन वापरण्याचे दर ऐकून खुर्चीवाला मटकन खाली बसला आणि उठला तो योजना घेऊनच. यंत्रांचं प्रदर्शन बघायला तो आठ दिवस परदेशी निघाला होता. तिकीट यंत्रवाल्या कंपनीने पाठवलं होतं, फोनचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा होता. फुकट तिकिटावर जाणाऱ्या माणसाला असा खर्च जरा जास्तच टोचतो.

"माझा काळा फोन घरीच राहील, कार्ड नसलेला जुना फोन मी नेतो," त्याने बायकोला समजावलं. "कुणाचा आला की आप्पा उचलतील. मग तुझ्या पांढऱ्या फोनवरून मला इंटरनेटने फोन लावायचा, दोन्हींचे स्पीकर चालू करायचे आणि फोन समोरासमोर ठेवायचे. त्याचं बोलणं मला ऐकू येईल, माझं त्याला. सगळं फुकट."

"आणि मला कुणाचा फोन आला तर?"

"आठ दिवसांत तुला कोण करणार आहे?"

बायकोने बोटांवर नावं मोजायला सुरुवात केली. खुर्चीवाल्याने विषय बदलला.

एक फोन मात्र चुकवून चालणार नव्हता. मोठ्या वाचनालयाला दोनशे खुर्च्या हव्या होत्या आणि तिथल्या ग्रंथपाल बाई बुधवारी फोन करून काय ते सांगणार होत्या. काम मिळालं तर वर्षभराची चिंता मिटणार होती. नाही मिळालं तर मिस्त्रींना घरी बसवावं लागणार होतं. मिस्त्री चोवीस वर्षं त्याच्या कारखान्यात होते. त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचाराने खुर्चीवाल्याला आठवडाभर जेवण गोड लागत नव्हतं.

योजना आप्पांच्या हाती दिली आणि तिथेच घोळ झाला. खुर्चीवाल्याचे हे वडील बत्तीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यापासून कुणाला कुणाशी जोडून द्यायचं काम त्यांच्याकडे आलं नव्हतं. मुलगा विमानतळाकडे निघाला न निघाला तोच त्यांनी टेबल खिडकीशी ओढलं, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि दोन्ही फोन समोर मांडून बसले.

पहिला फोन प्लायवूडवाल्याचा आला.

"एक्स्चेंज. कॉल अर्जंट की ऑर्डिनरी?"

"अहो, प्लायवूडवाला बोलतोय. मालक कुठेयत?"

"म्हणजे ऑर्डिनरी. थांबा."

मालक तिकडे हॉटेलच्या दिवाणखान्यात एका मोठ्या कुंडीला खेटून उभे होते. हॉटेलचं फुकट इंटरनेट तेवढ्या कोपऱ्यातच धड चालत होतं.

"बोला आप्पा."

"आपण फोन धरा. पार्टी लाइनवर आहे."

"आप्पा, मला 'आपण' काय म्हणताय?"

"ड्यूटीवर नातं नसतं. बोला."

खुर्चीवाला बोलू लागला. प्लायवूडच्या जाडीवरून गाडी जराशी भावावर येतेय, तोच मधून आवाज आला, "तीन मिनिटं झाली." आणि आप्पांनी काळा फोन बंद केला.

संध्याकाळी खुर्चीवाल्याने पुन्हा कुंडी गाठली. "आप्पा, हे फुकट आहे हो. तीन मिनिटांचा काय संबंध?"

"ट्रंक कॉल तीन मिनिटांचाच. मागे लोक ताटकळलेले असतात रे," आप्पा आता ड्यूटीवर नव्हते.

"मागे कोण आहे?"

"ते तुला कसं दिसेल? ऑपरेटरला दिसतं."

त्याने बायकोला मध्ये घातलं. ती म्हणाली, "मी बोलले. ड्यूटीच्या वेळात घरच्यांनी आत यायचं नाही म्हणाले. दाराला कडी घालून बसतात. चहा खिडकीतून देतेय."

बुधवारी प्रदर्शनाची बस निघाली तेव्हा खुर्चीवाला बसमध्ये नव्हता. इतका समुद्र ओलांडून ज्या यंत्रांसाठी आला ती बघायची सोडून तो सकाळपासून कुंडीपाशी बसून होता. दुपारी एकदाचा फोन वाजला.

ग्रंथपाल बाई स्वभावाने सावकाश. त्यांनी आधी वाचनालयातल्या ओलीबद्दल सांगितलं. मग जुन्या खुर्च्या कशा कुरकुरतात आणि एक वाचक हलला की चाळीस माना कशा वर होतात, ते सांगितलं. मग मुद्द्याला हात घातला.

"दीड महिन्यात होतील का दोनशे? मला तुमचा शब्द हवा."

खुर्चीवाल्याने शब्द द्यायला तोंड उघडलं.

"तीन मिनिटं झाली," आप्पा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही फोन बंद केले.

खुर्चीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने लगेच घरी पांढऱ्या फोनवर फोन लावला. आप्पांनी उचलला, पण तेवढ्यात काळ्या फोनवर बाईंचाही पुन्हा आला होता.

"थांबा, आपला नंबर दुसरा," असं म्हणून आप्पांनी पांढऱ्या फोनचा आवाज पार बंद करून टाकला. ऑपरेटर एका पार्टीशी बोलत असताना दुसरीने मध्ये बोलायचं नाही, हा नियम होता. आता खुर्चीवाल्याला घरचं सगळं ऐकू येत होतं आणि घरी त्याचं काहीच जात नव्हतं. तो कुंडीवर ओरडतोय असं बघून हॉटेलच्या बाईने त्याला पाण्याचा पेला आणून दिला.

"तुमच्या मालकांनी फोन आपटला," ग्रंथपाल बाई म्हणत होत्या. "दीड महिना ऐकून पळाले वाटतं."

"मला कल्पना नाही. ऑपरेटर दुसऱ्यांचं बोलणं ऐकत नाही." बत्तीस वर्षांतली न ऐकलेली बोलणी आप्पांना अजून तोंडपाठ होती.

"मग तुमचं सांगा. कशा असतात त्यांच्याकडच्या खुर्च्या?"

इतक्या वर्षांत आप्पांचं स्वतःचं मत कुठल्या पार्टीने विचारलं नव्हतं.

"माझं सांगू? एक्स्चेंजमधल्या खुर्चीने माझी पाठ गेली, बाई. रिटायर झालो तेव्हा आमच्या मिस्त्रींनी मला एक खुर्ची करून दिली. अकरा वर्षं तिच्यावर बसतोय. थांबा, ऐकवतो."

मग आप्पांच्या धापा ऐकू आल्या. ते सगळा भार टाकून पुढेमागे, डावीकडे उजवीकडे रेलत असावेत. खुर्चीचा आवाज काही आला नाही.

खुर्चीवाला ओरडायचा थांबला. घरातल्या त्या खुर्चीकडे त्याने अकरा वर्षांत एकदाही धड बघितलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

"अशा दोनशे होतील दीड महिन्यात?" बाईंनी विचारलं.

"मिस्त्री असले तर होतील. नसले तर माझा शब्द नाही."

"मग काम तुम्हाला दिलं. कागद तुमच्याच नावाने करते. त्या मालकांच्या भानगडीत मला पडायचं नाही."

काळा फोन बंद झाला. थोड्या वेळाने पांढऱ्या फोनचा आवाज सुरू झाला.

"आपण लाइनवर आहात का?"

"आहे आप्पा."

"एका पार्टीला दोनशे खुर्च्यांचं काम मिळालंय. मिस्त्री आहेत. त्यांच्या हाताखाली एक सुतार हवाय. कराल?"

"करीन."

"मग फोन धरा. आपल्याला ठेवायचं का, ते मिस्त्रींना विचारतो."

खुर्चीवाला कुंडीशेजारी फोन धरून उभा राहिला.