एका दिव्याला तीन रिले

शनिवारी सकाळी शहाजी जगतापांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आपल्या निळ्या व्हॅनच्या स्टिअरिंगला एक लाल पाटी अडकवली. ‘काम चालू आहे. स्विच लावू नये.’ खाली तारीख, वेळ आणि झोकदार सही. जुईनगरच्या त्या सोसायटीत शहाजींच्या व्हॅनचा स्विच लावायला कुणी धावत येईल अशी सुतराम शक्यता नव्हती. पण ज्या माणसाची चौतीस वर्षं वीज मंडळाच्या उपकेंद्रात रिले तपासण्यात गेली, तो पाटी लावल्याशिवाय घरातला बल्बसुद्धा बदलत नसे. पाटीनंतरचा दुसरा नियम म्हणजे मुख्य फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे आपण तारांत हात घातलेला असताना दुसरा कुणी वीज सोडू शकत नाही. तोही त्यांनी इमानदारीने पाळला.

व्हॅन रविवारी जाणार होती. मुलाने, म्हणजे सनीने, पनवेलच्या फजल नावाच्या बेकरीवाल्याशी विक्रीचं बोलणं पक्कं केलं होतं. शहाजींनी मान डोलावली खरी, पण त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. व्हॅनच्या मागच्या सीटवरचा दिवा फक्त दार उघडल्यावरच लागायचा. साताऱ्याला जाताना मागे सनी आणि मंजुषा ही दोन पोरं घेऊन अंधारात बसलेली मुक्ताबाई दर खेपेला म्हणायची, “मागं येक बटन करून द्या की वो.” आणि शहाजी म्हणायचे, “येत्या रविवारी.” सव्वीस वर्षांत असे साडेतेराशे रविवार आले आणि गेले. जगाची वीज सांभाळणाऱ्या माणसाला बायकोचा एक दिवा जमला नाही, हे त्यांना आता आतून टोचत होतं. गाडी दारातून जायच्या आधी दिलेला शब्द पुरा करायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

मुक्ताबाई चहा घेऊन खाली आल्या, तेव्हा सीटवर तीन काळ्या डब्या मांडलेल्या होत्या.

“हे काय?”

“रिले. एकीकडून इशारा मिळाला की दुसरीकडची वीज चालू-बंद करतो.”

“येका दिव्याला तीन?”

“एक बटणाचा, एक दाराचा.”

“आन् तिसरा?”

“त्या दोघांवर लक्ष ठेवायला.”

“तुमच्या ऑफिसातल्यावानीच की,” मुक्ताबाई म्हणाल्या आणि कप ठेवून निघून गेल्या.

दुपारपर्यंत वायरी ओढून झाल्या. शहाजी जेवायला वर गेले, ऑइलने माखलेली पँट बदलली आणि आंघोळीला शिरले. नेमका तेव्हाच पाण्याचा टँकर आला. सावलीसाठी शहाजींनी व्हॅन नेमकी टाकीच्या तोंडावर आणून लावली होती. सनी किल्ली घेऊन धावला. किल्ली फिरवली, तर व्हॅन ढिम्म.

“किसन, जरा धक्का मार ना!” सनी वॉचमनला म्हणाला.

किसनने आत डोकावून पाटी वाचली आणि दोन पावलं मागे सरला. “नाय भाऊ. सायबांची सही हाय. करंट बसला तर जबाबदार कोन?”

“अरे, गाडीत नुसती बॅटरी आहे, करंट कसला बसतोय!”

“मग पाटी कशाला लावली?”

सनी तसाच वर पळाला. बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून ओरडला, “पप्पा, फ्यूज कुठंय?”

“माझ्या खिशात! कायम माझ्या खिशात असतो!”

“आणि पँट?”

पँट मशीनमध्ये होती. मुक्ताबाईंनी ती गरम पाण्यावर टाकली होती आणि मशीनचं दार धुणं संपेपर्यंत उघडणार नव्हतं. अजून अठ्ठेचाळीस मिनिटं होती. शहाजी टॉवेल गुंडाळून मशीनसमोर उभे राहिले. काचेआड पँट गरगरत होती.

“बघ, यालाच इंटरलॉक म्हणतात,” ते कौतुकाने म्हणाले. “ज्यानं बनवलंय त्याला अक्कल आहे.”

टँकरवाला दहा मिनिटं थांबला, पाच मिनिटं हॉर्न वाजवला आणि भरलेला टँकर घेऊन निघून गेला. संध्याकाळपर्यंत चौतीस बिऱ्हाडांच्या नळांतून नुसती हवा येत होती. ग्रुपवर शहाजींचं नाव किती वेळा आलं हे सनीने मोजलं नाही, फोनच बंद करून ठेवला.

फ्यूज मात्र धुऊन स्वच्छ होऊन परत आला आणि सहा वाजता दिवा लागला! बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, दार उघडं असो वा नसो. शहाजींनी मुक्ताबाईंना मागच्या सीटवर बसवलं आणि बटण त्यांच्या हाताशी दिलं. त्यांनी ते एकदा दाबलं, वर पाहिलं.

“चांगलं झालंय,” त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरचं पातळ पिठलं चांगलं झालंय म्हणावं, तशा. शहाजींना ते जरा लागलं.

रविवारी दहाला फजल आला, बरोबर बायको रशिदा आणि तिच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ. शहाजींनी किल्ली फिरवली, तर इंजिन घरघरलंसुद्धा नाही. आत तो दिवा मात्र मरतुकडा, पिवळा, लागून राहिला होता.

“रात्री बंद केला होता ना?” सनीने विचारलं.

शहाजींनी कपाळाला हात लावला. उपकेंद्रात वीज गेली की रिले सुटतो आणि कंट्रोल रूममधला जादा दिवा आपोआप लागतो. माणसं अंधारात राहता कामा नयेत, म्हणून. हात सवयीने चालले आणि त्यांनी व्हॅनमध्येही तसंच जोडलं. रिलेने दिवा रात्रभर विझवून धरला होता, आणि तो धरून ठेवण्यात म्हाताऱ्या बॅटरीचा जीव गेला होता. बॅटरी संपली, रिले सुटला, उरल्यासुरल्या विजेवर दिवा लागला.

“म्हणजे दिवा बंद ठेवायला बॅटरी संपवली?” सनी म्हणाला. तो पाय आपटत वर गेला.

फजल मात्र भला माणूस. “टेन्शन नको काका. सानपाड्याला दोस्त हाय, त्याच्याकडून वायर नि बॅटरी आनतो.” तो गेला. रशिदा बाळाला घेऊन शेजारच्या बाकावर बसली. शहाजी आणि मुक्ताबाई व्हॅनच्या मागच्या सीटवर बसून राहिले.

“सव्वीस वर्षांनी केलं, तेही धड नाही,” शहाजी म्हणाले. त्यांचा आवाज खरंच पडला होता.

“येक सांगू? रागवायचं न्हाई.”

“सांग.”

“मला बटन नगंच हुतं.”

शहाजी बघतच राहिले. “मग एवढी वर्षं मागं का लागली होतीस?”

“बटन मागितलं तरच अंधाराची अडचण खरी वाटायची, आन् तुमचा रविवार काय येत न्हाई हे मला ठावं हुतं. खंबाटकीच्या घाटात मंजुषाला उलटी व्हायची. मी लाईट म्हणून वरडले की तुमी गाडी बाजूला घ्यायचा, उतरून दार उघडायचा. दिवा लागायचा. पोरीचं तोंड पुसायचा, माझी शाल नीट करायचा, येक घोट च्या प्यायचा.” मुक्ताबाई हातातली काकणं फिरवत राहिल्या. “तुमच्या त्या पाळ्या. दिवसा आला तर झोप, रातीला ड्यूटी. मला तुमचं तोंड निवांत दिसायचं ते त्या दारात.”

“पण मंजुषाचा त्रास तर चौथीपर्यंतच होता. त्यानंतरही तू दर घाटात लिंबू सापडत नाही म्हणून थांबवायचीस.”

“लिंबू मुठीतच असायचं,” मुक्ताबाई म्हणाल्या आणि साठी उलटलेल्या त्या बाई पदरात तोंड लपवून हसल्या. शहाजींचे डोळे भरून आले. हसूही येत होतं. दोन्ही एकदम आवरेनात, म्हणून ते उगाच छताच्या वायरी तपासू लागले.

फजल बॅटरी घेऊन आला. व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि दिवा झगमगला. फजलने बटण दोनचारदा दाबून पाहिलं. “लय भारी काका! रशिदा बाळाला घेऊन मागंच बसनार. रस्त्यात दूध, कपडे काय लागलं तर मला थांबायला नको!”

“थांब जरा,” शहाजी म्हणाले. ते आत शिरले आणि पाच मिनिटांनी बाहेर आले, तेव्हा तिन्ही डब्या आणि बटण त्यांच्या हातात होतं. दिवा पुन्हा आधीसारखा फक्त दार उघडल्यावर लागणारा झाला होता.

“अवो काका, चालू होतं ना?”

“चालू होतं म्हणूनच काढलं. मागून हाक आली की गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, स्वतः दार उघडायचं. घाई करायची नाही.”

फजल गोंधळून बघत राहिला, मग मान हलवून स्टिअरिंगवर बसला. मुक्ताबाईंनी व्हॅनच्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला. रशिदा बाळासकट मागे बसली होती. सकाळपासून तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. दार ओढता ओढता तिने डोकं बाहेर काढलं आणि हळूच विचारलं,

“काका, वायर मुळापासून कापलीत ना? ह्यांना परत जोडता नाय येनार?”