दांडीवरची वेबसाइट

आमच्या अरूदादाच्या मुलुंडच्या घरात कपडे वाळत घालायच्या दांडीवर वेबसाइट टांगलेली असते. थट्टा नाही. आतल्या खोलीत छताजवळ दांड्या, त्या खाली-वर करायला दोरी, आणि चिमट्यांनी लटकवलेली पानं. दादाचे ओले लेंगे मात्र हॉलमधल्या खुर्च्यांवर. पाहुण्याने बसायचं कुठे, हा प्रश्न त्याला पडत नाही.

अरूदादा माझा आतेभाऊ. शैलावहिनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मालवणी मसाल्याची वेबसाइट काढायचं त्याने गेल्या वर्षी मनावर घेतलं. माझी मुलगी ऋचा हेच काम करते, म्हणून मी मोठ्या तोंडाने तिला पुढे केलं. त्याची शिक्षा आम्ही दोघं अजून भोगतोय. ती पहिल्याच दिवशी रंगांचे नमुने घेऊन गेली, तर दादा म्हणाला, "आधी मजकूर गो. काय सांगायचं तेच ठरलं नाय, तर रंग कसले लावतंस?"

तत्त्व चोख होतं. पण मजकूर ठरेना. 'आमच्याविषयी' या एका पानाचे मसुदे मोजायचं मी सोडून दिलं. अक्षर तळहाताएवढं, पानावर जेमतेम सहा शब्द. "काका, वेबसाइट आहे, दुकानाची पाटी नाही," असं ऋचा सांगून थकली. मीही एक मसुदा दिला. परंपरा, चव, विश्वास वगैरे. दादा तो घेऊन आत गेला आणि लगेच परत आला. "नापास. मेल्या, यात मिरची खंय?"

अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा गेल्यापासून वहिनी त्या आतल्या खोलीतच असते. तिला असं कुणी पाहिलेलं आवडत नाही, म्हणून आम्ही बाहेरच बसायचो. परवा मात्र ऋचाने हात टेकले. ती काम सोडतेय हे सांगायला मी थेट आत गेलो.

वहिनी उताणी पडलेली. दादा दोरी सैल करत एक पान तिच्या डोळ्यांसमोर आणत होता.

"'डंकावर कुटलेला' लिहू, शैला?"

तिने पान वाचलं. बराच वेळ वाचलं. मग डोळे घट्ट मिटले. नापास. दादाने समाधानाने पान काढलं.

मसाला आता पुन्हा होणार नव्हता. डॉक्टरांनी ते केव्हाच सांगितलं होतं, वहिनीसमोरच.

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "दादा, हे संपायचं कधी?"

तो खुर्चीवरचा ओला लेंगा उलटून पसरत म्हणाला, "संपलं की तिला काय विचारू?"

दाराशी ऋचा खांद्याला बॅग लावून उभी होती. तिने बॅग खाली ठेवली.

"काका, खराब पाकीट परत घेण्याचं पान राहिलंय आपलं," ती म्हणाली. "काकूंना विचारून घ्यावं लागेल."