हौसाबाईंचा ना हरकत दाखला

आमच्याकडे सुपरमार्केटमधून दूध घ्यायचं असेल, तर घरी ज्या म्हशीचं दूध येतं तिचा ना हरकत दाखला लागतो. मला हे माहीत नव्हतं. रंकाळ्याजवळच्या नव्या सुपरमार्केटात दोन पिशव्या घेऊन मी काउंटरवर उभी राहिले, तेव्हा तिथल्या बाईंनी हात पुढे करून म्हटलं, "दाखला?"

"कसला?"

"म्हशीचा. घरी रतीब होता ना?"

"आहे अजून."

"मग तर लागणारच," असं म्हणून त्या पिशव्या परत फ्रीजमध्ये ठेवून आल्या. माझ्या मागच्या गृहस्थांनी न सांगता आपला दाखला खिशातून काढला. लॅमिनेट केलेला होता आणि खाली खुराचा ठसा स्वच्छ उमटला होता. मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

मी शैलजा साळोखे. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. मला रतीब बंद करायचा होता, पण त्याचं कारण दुधात नव्हतं. मल्लाप्पा गवळ्यांचं दूध उत्तम आहे. बोटभर साय धरते. कारण बेलमध्ये होतं. मल्लाप्पा पावणेसहाला बेल वाजवतात आणि एकोणीस वर्षं ते दार मीच उघडत आले होते. शाळा अकराची असून. सुट्टीत, तापात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. मला एकदा सात वाजेपर्यंत झोपून बघायचं होतं. पिशवीतलं दूध बेल वाजवत नाही. संध्याकाळी आणून ठेवलं की सकाळपर्यंत गप्प बसतं.

घरी सांगितलं तर कुणालाच दाखल्याचं नवल वाटलं नाही. आमचे हे पाटबंधारे खात्यात आहेत. ते म्हणाले, "बरोबरच आहे. उद्या कुणीही उठून म्हैस सोडायला लागलं तर कसं व्हायचं?"

सासूबाईंची हरकत वेगळी होती. "पिशवीतल्या दुधाला साय धरते होय? नुसतं पांढरं पाणी. मी नाही पिणार."

दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर मी मल्लाप्पांना चाचरत विचारलं. मला वाटलं त्यांना राग येईल. त्यांनी शांतपणे माप ओतलं.

"माझी काय ना न्हाई, वहिनी. पर ते माझ्या हातात न्हाई. हौसाबाईंच्याकडं अर्ज करा. चार वाजता या, धारेच्या आधी त्या मोकळ्या असत्यात. आणि दोन प्रती आणा, एकीवर काम हुत न्हाई."

मी अर्धा दिवस रजा टाकून गोठ्यावर गेले. हौसाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. अंगानं भरभक्कम, नजर शांत. मल्लाप्पांनी अर्ज त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"कारण 'वैयक्तिक' लिहिलंय," हौसाबाई म्हणाल्या. "वैयक्तिक म्हणजे कुणाचं?"

"माझंच."

"दूध तिघं पितात. मग कारण एकट्याचं कसं?"

पाचवीच्या मुली नकाशासमोर उभ्या राहतात तशी मी उभी राहिले.

"स्थळपाहणी करावी लागेल," त्या म्हणाल्या. "रविवारी दहाला येते. सगळ्यांनी घरी थांबावं." अर्जाची एक प्रत पोच म्हणून मला मिळाली. कार्यालयीन प्रत त्यांनी तिथंच खाल्ली.

रविवारी त्या वेळेवर आल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट सहा जणांची आहे. वॉचमननी हौसाबाईंना सहा जण धरलं आणि मल्लाप्पांना जिन्यानं पाठवलं. वहीत 'कामाचं स्वरूप' या रकान्यात त्यांनी 'चौकशी' असं लिहून घेतलं. आम्ही सोफा भिंतीला सरकवून ठेवला होता. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या.

हौसाबाईंनी यांच्यापासून सुरुवात केली. मल्लाप्पा वही घेऊन टिपून घ्यायला बसले.

"दुधाबद्दल तक्रार?"

"अजिबात नाही," हे म्हणाले.

"पाणी घातल्याचा संशय?"

"छे छे!"

"वेळेबद्दल?"

"वेळ म्हणजे एकदम चोख. घड्याळ लावून घ्यावं."

"किती वाजता येतं?"

हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. "सकाळी."

"सकाळी किती?"

"सकाळीच की. सहा... सहा ते आठच्या दरम्यान."

हौसाबाईंनी मल्लाप्पांकडे पाहिलं. मल्लाप्पांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

"दार कोण उघडतं?"

"ही उघडते. तिला सवय आहे. आपोआप जाग येते तिला."

"आपोआप येते?" हौसाबाईंनी माझ्याकडे मान वळवली.

मी 'हो' म्हणणार होते. एकोणीस वर्षं तेच म्हणत आले होते. पण समोरून इतक्या गांभीर्यानं कुणी कधी विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "पाच चाळीसचा गजर लावते. मोबाइल व्हायब्रेटवर करून उशीखाली ठेवते, यांची झोप मोडू नये म्हणून."

हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटायचं तो थरथराट रस्त्यावरच्या ट्रकचा आहे.

"मलाही आपोआप येत नाही," हौसाबाई म्हणाल्या. "लोकांचा तसा समज आहे. मला साडेतीनला उठवतात." मल्लाप्पांनी खाली बघत वहीचं पान उलटलं. "दप्तरानुसार हे घर माझ्या पणजीपासून आमच्याकडे आहे. पणजीच्या आणि आजीच्या काळात दार कोण उघडत होतं?"

मग सासूबाईंनी हात वर केला, अर्धाच.

"मी. चोवीस वर्षं."

"आवडायचं?"

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "थंडीत नाही आवडायचं," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यातही तसं नाहीच. पण कुणाला सांगणार? ही लग्न होऊन आली, त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, सुटले." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुला कळलं असेल."

"नाही कळलं," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तुम्ही आठपर्यंत झोपला होतात. मला वाटलं, तुम्हाला बरं नाही."

"बरं होतं," सासूबाई म्हणाल्या. "फार बरं होतं."

चौकशी संपली. निकाल रवंथानंतर मिळेल, असं मल्लाप्पांनी जाहीर केलं. हौसाबाई हॉलच्या मधोमध बसल्या आणि त्यांनी पाऊण तास रवंथ केलं. आम्ही तिघं सोफ्यावर ओळीनं बसून होतो. हे एकदा उठून पंखा वाढवून आले. नकार आला तर पुढच्या अर्जाला तीन वर्षं थांबावं लागतं, असं वॉचमननी सांगितलं होतं.

शेवटी हौसाबाई उभ्या राहिल्या. त्या एकेक वाक्य सांगत गेल्या, मल्लाप्पा लिहीत गेले.

"अर्जदार शैलजा साळोखे यांना पिशवीचं दूध घेण्यास हरकत नाही. मात्र दाखला व्यक्तीपुरता आहे, घरापुरता नाही. उरलेल्या दोघांचा रतीब चालू राहील. दार, जो साय खातो त्यानं उघडावं. सासूबाईंना वयोमानानुसार सूट."

उरले हे.

"याच्यावर अपील करता येतं का?" यांनी विचारलं.

"येतं. माझ्या आईकडे. ती आता दुभती नाही, त्यामुळं तिच्याकडे वेळ भरपूर आहे. ती खोलात जाते."

यांनी थोडा विचार केला आणि अपील न करण्याचं ठरवलं.

ठशासाठी यांच्या ऑफिसचं स्टॅम्पपॅड लहान पडलं. तेव्हा सासूबाईंनी स्वतः उठून ताटात गेरू कालवून आणला. हौसाबाईंनी उजवा पाय त्यात टेकवून कागदावर ठेवला. ठसा सुंदर आला.

सोमवारी पावणेसहाला बेल वाजली. हे उठले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले आणि भांडं न घेताच दार उघडून उभे राहिले. मल्लाप्पा थांबले. मग स्वयंपाकघरात बरीच आदळआपट झाली आणि दूध कुकरमध्ये घेतलं गेलं. मी पडून सगळं ऐकत होते, छताकडे बघत. झोप काही लागली नाही. मंगळवारीही नाही. चौथ्या दिवशी मात्र मला बेल ऐकूच आली नाही. जाग आली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अंथरुणावर ऊन पडलं होतं. हे ऊन रोज इथपर्यंत येतं, हे मला माहीत नव्हतं. दारात हे अजून मल्लाप्पांशी म्हशीच्या पेंडीच्या प्रकारांवर बोलत उभे होते. मल्लाप्पांना पुढची घरं राहिली होती, पण हे सोडत नव्हते.

महिन्यानं हौसाबाई फेरतपासणीला आल्या. दाराची कडी, भांडं, यांचे डोळे, सगळं बघून त्यांनी मल्लाप्पांना 'समाधानकारक' असं लिहायला सांगितलं. तरी त्या निघेनात. लिफ्टसमोर घुटमळत राहिल्या.

"चहा घेणार का?" मी विचारलं.

"स्वतःच्या दुधाचा घेत नाही," त्या म्हणाल्या. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"माझ्या पिशवीतल्या दुधाचा करते."

त्या आत आल्या. मी आलं ठेचून घातलं, चहा घमेल्यात ओतला आणि फुंकर घालून खाली ठेवला. सासूबाई पाटावर येऊन बसल्या आणि त्यांनी आपली कपबशी पुढे केली. हौसाबाई सावकाश प्यायल्या.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"पातळ आहे," हौसाबाई म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटले. "पण यासाठी मला कुणी उठवलं नव्हतं. ते चवीत कळतं. अजून असेल तर घाला."

मी दुसऱ्या पिशवीचं टोक कापलं.